उबुंटूवर फायरवॉल काढून टाकली तरी जोडण्या अडतात. ती नीट कशी काढायची आणि पुन्हा कशी टाकायची?

तुम्ही लिहिलंय की जीयूएफडब्ल्यू इन्स्टॉल करून फायरवॉल चालू केली, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सांबाचं (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रॅमचं) शेअर केलेलं फोल्डर उघडेना म्हणून जीयूएफडब्ल्यू काढून टाकलं. मशीन रीस्टार्टही केलं, तरी फोल्डर उघडत नाही. याचं कारण असं की तुम्ही काढलंत ती फक्त बटणांची खिडकी. फायरवॉल अजून चालूच आहे.

लिनक्समध्ये पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून येणारे-जाणारे माहितीचे तुकडे, अडवण्याचं काम कर्नलमधलं (सिस्टिमच्या गाभ्यातलं) नेटफिल्टर करतं. त्याला नियम सांगण्यासाठी २.४ कर्नलपासून, म्हणजे २००१ पासून, आयपीटेबल्स आहे. २०१४ मध्ये ३.१३ कर्नलसोबत एनएफटेबल्स आलं. या दोन्हींची भाषा किचकट, म्हणून उबुंटूने २००८ मध्ये ८.०४ आवृत्तीत यूएफडब्ल्यू दिलं. जीयूएफडब्ल्यू हा त्या यूएफडब्ल्यूचा नुसता चेहरा आहे. तो गेला तरी यूएफडब्ल्यू जागेवर राहतं आणि दर वेळी मशीन सुरू होताना आपले नियम पुन्हा कर्नलला देतं.

आधी खात्री करून घ्या. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या.) ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज’ दिल्यावर अॅक्टिव्ह असं उत्तर आलं, तर तुमचा प्रश्न तिथेच सापडला.

आता माझं स्पष्ट मत: फोल्डर उघडत नाही एवढ्यासाठी फायरवॉल काढू नका. यूएफडब्ल्यूचा मूळ पवित्रा बाहेरून येणारं सगळं अडवायचं आणि आतून जाणारं सोडायचं, असा आहे. त्यामुळे सांबाचा ४४५ क्रमांकाचा टीसीपी पोर्ट, म्हणजे जोडणी आत घेणारं दार, बंद होणारच. तो उघडा, तोही फक्त स्वतःच्या नेटवर्कपुरता. तुमच्या राउटरने १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते दिले असतील, तर ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ४४५ प्रोटो टीसीपी’ एवढी एक ओळ बहुधा पुरेल.

तरीही काढायचीच असेल, तर क्रम महत्त्वाचा. आधी ‘सुडो यूएफडब्ल्यू डिसेबल’. त्यानंतरच पॅकेज काढा. पॅकेज म्हणजे डिस्कवरच्या फाइली. नियम मात्र कर्नलच्या मेमरीत असतात. पॅकेज काढताना ते आपोआप पुसले जातील या भरवशावर राहू नये. काढतानाही ‘एपीटी रिमूव्ह’ नको, ‘एपीटी पर्ज’ वापरा. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, पण ईटीसी फोल्डरमधल्या सेटिंग फाइली राहतात. मग काही महिन्यांनी तुम्ही यूएफडब्ल्यू पुन्हा टाकता आणि विसरलेले जुने नियम जिवंत होतात.

पर्जनंतर ‘सुडो एनएफटी लिस्ट रूलसेट’ देऊन कर्नलमध्ये काय उरलंय ते पाहा. काहीच छापलं गेलं नाही तर पाटी कोरी आहे. काही दिसलं तर ते कोणी घातलंय ते शोधा. डॉकर (कंटेनर, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत प्रोग्रॅम चालवणारं साधन) स्वतःचे नियम स्वतः लिहितो, ते त्याचे त्याला राहू द्या. जुन्या लेखांच्या सल्ल्यावरून कधी आयपीटेबल्स-पर्सिस्टंट टाकलं असेल, तर ते साठवलेले नियम प्रत्येक बूटला परत आणतं. तेही काढावं लागेल.

इथे एक खरा धोका आहे. बरेच लोक ‘आयपीटेबल्स -एफ’ देऊन सगळे नियम एका फटक्यात उडवायचा सल्ला देतात. त्या आज्ञेने नियम उडतात, पण साखळीचं (नियमांच्या यादीचं) मूळ धोरण, म्हणजे कुठलाच नियम लागला नाही तर काय करायचं ते, तसंच राहतं. ते ड्रॉप (पॅकेट टाकून द्या) असेल, तर तुमचे परवानगीचे नियम गेले आणि अडवणं तेवढं उरलं. समोर कीबोर्ड असेल तर निभावतं. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून टर्मिनल उघडून) बसला असाल तर दार आतून बंद झालं म्हणून समजा. म्हणून आधी ‘आयपीटेबल्स -पी इनपुट अॅक्सेप्ट’ देऊन धोरण बदला (यात पी, इनपुट आणि अॅक्सेप्ट तिन्ही कॅपिटलमध्ये), मगच नियम उडवा.

पुन्हा टाकतानाही तीच काळजी. यूएफडब्ल्यू इन्स्टॉल झालं की ते लगेच चालू होत नाही, आणि हे चांगलंच आहे. दूरच्या मशीनवर ‘अलाऊ एसएसएच’ आधी, ‘इनेबल’ नंतर. एसएसएच २२ सोडून दुसऱ्या पोर्टवर चालत असेल तर तो आकडा द्या. फेडोराच्या (दुसऱ्या एका लिनक्सच्या) लेखांत फायरवॉलडी हे यूएफडब्ल्यूसारखंच साधन दिसेल. तेही उत्तम आहे, पण यूएफडब्ल्यूच्या जोडीला टाकू नका. एकाच नेटफिल्टरला दोघे नियम सांगू लागले की कुणाचा नियम कुठे आड येतोय हे शोधणं फार त्रासाचं होतं.

आणि डॉकर वापरत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: कंटेनरचा जो पोर्ट तुम्ही बाहेर उघडता, तो यूएफडब्ल्यूने अडवलेला दिसला तरी बाहेरून पोचता येतो, कारण ती पॅकेट यूएफडब्ल्यूचे नियम लागण्याआधीच वळवली जातात. पोर्ट फक्त स्वतःच्या मशीनपुरता हवा असेल तर पब्लिश करताना पुढे १२७.०.०.१ लिहा.

चाचणी नेहमी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून करा. त्याच मशीनवरून स्वतःलाच जोडून पाहिलं तर पॅकेट लूपबॅकने जातात, तिथे यूएफडब्ल्यू काही अडवत नाही, आणि बंद असलेला पोर्टही उघडा भासतो.