फोटोला ‘नाही’ म्हटलं, तर मुलीला लेझीममधून काढणार?

प्रश्न : ताई, माझी मुलगी चौथीत आहे. स्नेहसंमेलनात ती लेझीमच्या पथकात होती. एप्रिलमध्ये आमच्या जवळच्या चौकात ‘प्रवेश सुरू’ असा शाळेचा भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर तिचा लेझीम खेळतानाचा फोटो, खाली पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी. तोच फोटो शाळेच्या फेसबुक पेजवरही आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. शाळेत गेले, तर प्रवेशअर्ज काढून दाखवला. शेवटी एक ओळ होती, ‘कार्यक्रमांची छायाचित्रे वापरण्यास माझी हरकत नाही’, आणि खाली माझी सही. ‘हरकत असेल तर पुढच्या वर्षी तिला कार्यक्रमात घेत नाही,’ असंही सांगितलं. घरी सासरे खूश आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्लेक्स दाखवतात. मिस्टर म्हणतात, ‘कौतुकच करालेत की लोक, तुला काय होतंय?’ माझंच चुकतंय का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. आधी त्या कार्यक्रमात न घेण्याच्या बोलण्याविषयी लिहिते, कारण सगळ्यात जास्त मला तेच लागलं. आईने प्रश्न विचारला म्हणून मुलीची लेझीम काढून घ्यायची, ही शिक्षा झाली. मी कोल्हापुरातच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. संमेलनाच्या संध्याकाळी पडद्यामागे केवढी धांदल असते, फोटोग्राफर कसा घाईत असतो, हे मला माहीत आहे. तरीही ‘नाही’ म्हटल्यावर मुलीचं काही हिरावलं जाणार असेल, तर तिथे परवानगी मागितलीच नाही असं मी धरते.

कायद्याची दिशाही हीच आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीची मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला हा कायदा मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागतो. ती संमती मोकळेपणाने दिलेली, बिनशर्त आणि नेमक्या कामापुरती हवी. कायद्यातच एक उदाहरण आहे. डॉक्टरी सल्ला देणाऱ्या एका ॲपने उपचारासोबत फोनमधल्या नंबरांच्या यादीचीही परवानगी मागितली आणि वापरणाऱ्याने दोन्हीला होकार दिला. तरी तो होकार उपचारापुरताच धरायचा, कारण उपचाराला ती यादी लागत नाही. आता तुमचा प्रवेशअर्ज बघा. चौथीचा अभ्यास करायला प्रवेशाच्या जाहिरातीत झळकावं लागत नाही. शिवाय दिलेली संमती मागे घेता येते, आणि ती देणं जितकं सोपं होतं तितकंच मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असंही त्यात आहे. मुलांच्या माहितीबाबत चूक झाली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये मात्र जाऊ नका. तुम्हाला शाळेशी अजून बरीच वर्षं बोलायचं आहे.

फोटो, पूर्ण नाव, इयत्ता-तुकडी आणि शाळेचं नाव हे सगळं एका जागी येतं, तिथे माझा जीव घाबरा होतो. या चार गोष्टी हातात आल्या, की शाळा सुटताना फाटकाशी उभा राहून कुणीही अनोळखी माणूस मुलीला नावाने हाक मारू शकतो, ‘पप्पांनी पाठवलंय’ म्हणू शकतो. नावाने हाक मारणारा माणूस लहान मुलाला ओळखीचाच वाटतो. यातलं नाव आणि तुकडी काढली, तरी बरंचसं भय कमी होतं, आणि शाळेच्या जाहिरातीचं त्याने काहीही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट शाळांनी मनावर घ्यावी. प्रत्येक वर्गात एखादं मूल असं असतं की ज्याच्या घरचं आपल्याला ठाऊक नसतं. कुणाची आई मारहाणीला कंटाळून मूल घेऊन माहेरी आलेली असते आणि कुठल्या शाळेत घातलं हे तिने तिकडे कळू दिलेलं नसतं. कुणाची केस बालकल्याण समितीपुढे असते. समितीपुढे केस असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याचं कलम २३ अत्याचार झालेल्या मुलासाठी तेच सांगतं. दोन्हीकडे फोटो आणि शाळेचं नाव यांचा वेगळा उल्लेख आहे. आणि माहेरी आलेली ती आई एका फोटोने सापडते. म्हणून ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकाला कारण विचारूच नये. चार बायकांसमोर तर मुळीच नाही.

शाळेला हे जमण्यासारखं आहे. जूनमध्ये प्रवेशअर्जापासून वेगळा एक कागद द्यावा. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, शाळेचा वार्षिक अंक, फेसबुक-यूट्यूब, आणि जाहिरात, असे चार वेगळे प्रश्न, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. बहुतेक आया पहिल्या दोनांना आनंदाने हो म्हणतील. चौथ्याला किती म्हणतील, ते शाळेने एकदा बघावंच. नकार असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षिकेकडे आणि संमेलनाच्या आधी फोटोग्राफरकडे असावी. त्या मुलांना रांगेतून बाहेर काढून फोटो घ्यायचा नाही, हे मी दोनदा लिहीन. सगळ्यांचा फोटो घ्या, तो घरी छापून द्या. पेजवर टाकायला लेझीम धरलेले हात, पाठमोरं पथक, रंगमंचाचं लांबून दिसणारं दृश्य असे फोटो काढता येतात, आणि ते दिसतातही सुरेख. शाहू जयंतीला २६ जूनला मुलं मिरवणुकीत जातात, तिथे वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर असतात. त्यांना शाळा अडवू शकत नाही, पण पालकांना आधी कळवू शकते.

पालकांच्या मोबाइलचं काय, असं शाळा तुम्हाला विचारेल. घरगुती वापराला हा कायदा लागत नाही, हे खरं. दुसऱ्याचं मूल आपल्या स्टेटसला ठेवण्याआधी त्याच्या आईला एक फोन करावा, एवढं आपणच आपल्यात ठरवायचं.

सासऱ्यांचा अभिमान खरा आहे, त्याला धक्का लावू नका. तोच फोटो मोठा छापून, चौकट करून त्यांच्या खोलीत लावा. आणि मुलीला विचारलंत का? तुमच्या पत्रात ती काय म्हणाली हे कुठेच आलेलं नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला चौकात आपला फोटो हवा की नको, हे नीट सांगता येतं. तिला तो आवडला असेल, तर नाव का काढायचं हे तिला समजावून सांगा. तिला लाज वाटत असेल, तर मिस्टरांनाही तिच्याच तोंडून ऐकू द्या.

शाळेला पत्र लिहा, तोंडी नको. मजकूर एवढाच : ‘माझ्या मुलीचे छायाचित्र व नाव जाहिरातीसाठी व समाजमाध्यमांवर वापरण्यास मी प्रवेशअर्जात दिलेली संमती मागे घेत आहे. फ्लेक्स व फेसबुक पेजवरील छायाचित्र काढावे. तिचा शालेय कार्यक्रमांतील सहभाग पूर्ववत राहावा, ही विनंती.’ शेवटचं वाक्य गाळू नका. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. आठवड्याभरात फोटो उतरला नाही, तर तीच प्रत घेऊन पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला जा. अर्जातल्या त्या ओळीखाली सही केलेल्या बाकीच्या आयाही तिथे असतील.