अमेरिकेत कायदे इतके कडक असूनही माझ्या कृष्णवर्णीय शेजारणीला नवऱ्याच्या मारहाणीपासून संरक्षण मागायला भीती का वाटत असावी?

तुमच्या शेजारणीची भीती अनाठायी नाही. मी न्यू जर्सीतील कौटुंबिक न्यायालयात मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून काम करते. तेथे संरक्षण आदेशाच्या, म्हणजे नवऱ्याला दूर ठेवणाऱ्या न्यायालयीन हुकुमाच्या, अर्जाला शुल्क नाही, तात्पुरता आदेश त्याच दिवशी मिळू शकतो आणि अंतिम सुनावणी साधारण दहा दिवसांत लागते. मात्र सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क अर्जदार स्त्रीला नसतो, त्यामुळे नवऱ्याने वकील दिला असेल, तर त्याच्या उलटतपासणीला तिला एकटीनेच तोंड द्यावे लागते. आदेश मिळाल्यावर कितीतरी बायका तो कागद घडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये बाळगतात, कारण नवरा दारात उभा राहिला तर तो पोलिसांना दाखवायचा असतो. म्हणजे पोलिसांना बोलावल्याशिवाय त्या कागदाचा उपयोग नाही, आणि कृष्णवर्णीय स्त्रीला अनेकदा तेच महागात पडते.

फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउन शहरात असा नियम होता, की भाड्याच्या घरातून पोलिसांना चार महिन्यांत तीनदा बोलावले गेले, तर भाडेकरूला घराबाहेर काढता येत असे, आणि त्यात घरगुती मारहाणीचे फोनही मोजले जात. २०१२ साली तेथील एका कृष्णवर्णीय आईवर पूर्वीच्या जोडीदाराने काचेने वार केले, तेव्हा घर जाईल या भीतीने ती रक्तबंबाळ अवस्थेतही पोलिसांना बोलावू नका असे सांगत होती. शेजाऱ्यांनी फोन केला म्हणून ती वाचली, आणि इस्पितळातून परतल्यावर शहराने तिला घराबाहेर काढण्याची कारवाई सुरू केली. तिने दावा लावला आणि २०१४ साली शहराला तडजोड करावी लागली. आपल्या घरातून मदतीसाठी फोन केल्याबद्दल शिक्षा होऊ नये, अशी तरतूद संघीय कायद्यात आली ती २०२२ साली.

दुसरे भय स्वतःलाच अटक होण्याचे असते. फ्लोरिडातील मरिसा अलेक्झांडर यांनी २०१० साली, बाळंतपणानंतर नवव्या दिवशी, नवऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर इशारा म्हणून एक गोळी झाडली. कोणालाही इजा झाली नाही आणि त्याच्याविरुद्ध त्यांनी आधी संरक्षण आदेशही घेतलेला होता. त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि पिस्तूल घेऊन परत आल्या, या कारणाने स्वसंरक्षणाचा दावा नाकारला गेला. ज्यूरीने बारा मिनिटांत त्यांना दोषी ठरवले आणि वीस वर्षांची शिक्षा झाली. २०१३ साली अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला, त्यांना जामीनही मिळाला, पण तुरुंगातून अखेरची सुटका झाली ती २०१५ साली, तीही गुन्हा कबूल करण्याची तडजोड करून आणि पुढे नजरकैद पत्करून. ज्या स्त्रीने हे प्रकरण ऐकले असेल, तिने पोलिसांवर चटकन विश्वास ठेवावा अशी अपेक्षा मला तरी करवत नाही.

तिसरे कारण घरातले आणि वस्तीतले आहे. कायद्याच्या कृष्णवर्णीय प्राध्यापिका किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ साली लिहिले, की लॉस एंजेलिस पोलिसांकडे त्यांनी घरगुती हिंसाचाराची विभागवार आकडेवारी मागितली, तेव्हा ती मिळाली नाही. आपल्या समाजाची बदनामी होईल ही तेथील कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक समाजांच्या प्रतिनिधींची धास्तीही त्यामागे होती. आपल्या माणसाला पोलिसांच्या हाती दिले तर तो जिवंत परतेल का, ही चिंता मार खाणाऱ्या स्त्रीलाही असते. २०१० च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ४४ टक्के कृष्णवर्णीय स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसल्याचे सांगितले होते. गोऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते.

तुम्हाला मदत करायची असेल, तर कोणत्या प्रसंगी पोलिसांना बोलवायचे आणि कोणत्या प्रसंगी नाही, हे शांत वेळी तिलाच विचारून ठेवा. जिवावरच बेतले, तर मात्र थांबू नका. जखमांची छायाचित्रे आणि धमक्यांचे संदेश तारखेसह तिच्या परवानगीने तुमच्याकडे जपून ठेवा आणि सुनावणीच्या दिवशी तिच्या मुलांना सांभाळायची तयारी ठेवा, कारण मुलांना ठेवायला कोणी नाही म्हणून तारीख चुकते आणि अर्ज फेटाळला जातो, हे मी पाहिले आहे.