रात्री पावणेबाराच्या तुझ्या मेसेजला उत्तर

अगं,

मेसेजमध्ये दोनच शब्द, 'सोडतेय मी', म्हणजे मुलांच्या संरक्षणाची ही नोकरीच. फोनच करणार होते, पण तू रडली असतीस नि मी उगाच धीर देत बसले असते, म्हणून बसून टाइप करतेय, जमेल तसं.

तुझ्या केसमधल्या मुलीची आई कोर्टात फितूर झाली, कळलं मला. राग येणारच. पण आरोपी घरातला, भाडं तोच भरायचा, आणि केस लांबलीय. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम 35 म्हणतं की कोर्टाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात निकाल, आता तारखा कशा पडतात ते तू बघतेसच, तोवर त्या बाईने चूल कशावर पेटवायची? अंतरिम भरपाईचा अर्ज केला होता का? पॉक्सोच्या 2020 च्या नियमांत आहे ते, शिवाय अन्न, कपडे, प्रवासासाठी बालकल्याण समिती तातडीच्या मदतीची शिफारस करू शकते. राहिलं असेल तर आता कर, तुला बोल लावत नाहीये, माझ्याकडूनही राहिलंय. आणि आई फिरली म्हणजे केस संपली असं नसतं गं, मुलीची साक्ष आहे, मेडिकल आहे, सरकारी वकिलांशी बोल.

माझंही एकदा असंच झालेलं. ऊसतोडीच्या पट्ट्यात होते तेव्हा, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कॉल आला, पोरगी पंधराची, हळद लागलेली. ग्रामसेवक आले, पोलीस आले, आईबापाकडून हमीपत्र घेतलं, मुलीला समितीपुढे नेलं आणि आम्ही चहा पिऊन खुशीत परत. तीन आठवड्यांनी दुसऱ्या गावात, नातेवाइकांकडे, रात्रीत लग्न उरकलं! मी दोन दिवस जेवले नाही. मग परत गेले, भांडायलाच गेले होते खरं तर, पण तिची आजी म्हणाली, कारखाना सुरू झाला की हिचे आईबाप ऊसाच्या फडावर जाणार, मी अशी आंधळी, पोरीला राखायचं कुणी? आणि लग्न लावलं की नवराबायकोचा एक कोयता होतो, म्हणजे तोडणीची एक जोडी, आणि मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. आमच्या हमीपत्रात यातलं एक अक्षर नव्हतं. त्यानंतर कुठेही गेलो की पहिला प्रश्न हाच, सीझनभर पोरगी राहणार कुठे, आणि हंगामी वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागायचं, दिवाळीआधीच. काही लग्नं त्यामुळे थांबली, सगळी नाही. त्या पहिल्या पोरीचं मात्र राहिलंच, ते अजून सलतं.

आकड्यांवर तुझा विश्वास जास्त, म्हणून सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2015-16 ला, आपल्या राज्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 26.3 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, 2019-21 ला 21.9. एवढंच? हो, एवढंच. पण त्या चार-साडेचार टक्क्यांत कुठल्या तरी अंगणवाडीताईने वेळेत केलेला एक फोन आहे, ज्याचं नाव कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

तू काय केलंस तेही बघ ना. त्या मुलीने पहिल्यांदा तुला सांगितलं तेव्हा तू 'नक्की का?' असं विचारलं नाहीस. जबाबाला पोलीस मॅडम साध्या कपड्यांत हव्यात म्हणून अडून बसलीस, ठाण्यात सगळे वैतागले होते तुझ्यावर. निकाल काहीही लागो, हे तिच्याकडून कोणी काढून घेणार नाहीये. फक्त 'सगळं ठीक होईल' असं तिला म्हणू नकोस, उद्या काय होणार तेवढं सांग, कुठे बसायचं, कोण काय विचारणार, पाणी कुठे मिळेल.

आणि रात्री फाइल घरी नेणं बंद कर, प्लीज. पोरीची माहिती घरी पडून राहणं तसंही बरोबर नाही.

राजीनाम्याचं चार दिवसांनी बघू, आधी रजा टाक. तिच्या शाळेचा दाखला अजून जुन्या शाळेत अडकलाय ना? तिथला नंबर पाठव, उद्या अकराला मी बोलते.

तुझी,
ताई