विचारा बिनधास्त: गोदीतला पास, मार्केट यार्डातली लेव्ही

प्रश्न: माळा आवरताना आजोबांचा जुना पास सापडला. बॉम्बे डॉक लेबर बोर्ड असं छापलंय, नंबर आहे आणि पुढे ‘रिझर्व्ह पूल’. आई म्हणते आजोबा सरकारी नोकरीत होते, आत्या म्हणते कसली सरकारी, रोज काम मिळतंय का बघायला जायचे. खरं कोणाचं?
*एक वाचक, धनकवडी*

आत्याला जास्त मार्क द्यावे लागतील, पण आईही अगदीच चुकलेली नाही. गोदीचं कसं होतं, बोट कधी लागणार हे कुणाच्याच हातात नसायचं, एकाच दिवशी चार-पाच बोटी धक्क्याला आल्या की माणसं कमी पडायची आणि मग पुढचे कित्येक दिवस तीच माणसं गेटबाहेर बसून. स्टिव्हडोर, म्हणजे बोटीत माल चढवायचं-उतरवायचं काम घेणारी कंपनी, ती कायमची माणसं कशाला पोसेल? ती टोळीवाल्याला, म्हणजे मजुरांची टोळी पुरवणाऱ्याला, निरोप द्यायची आणि टोळीवाला सकाळी गर्दीतून बोट दाखवून माणसं उचलायचा. ज्याने त्याच्याकडून उसने पैसे घेतलेत तो आधी, ज्याने हात ओले केले तो आधी, आणि मागच्या खेपेला तोंड वर करून बोललेला सरळ घरी. इंग्रजांच्याच काळात, १९३१ साली, कामगारांच्या हालांची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनने सांगितलं होतं की कामगारांची नोंदणी करा आणि काम पाळीपाळीने वाटा. ऐकणार कोण? स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा आला तेव्हा कुठे हे हललं, आणि मुंबईची योजना पहिल्या काही योजनांमध्ये होती.

आता आजोबांच्या पासाकडे या. या योजनेत दोन रजिस्टरं होती. एक मंथलीवाल्यांचं, ते एकाच मालकाकडे महिन्याच्या पगारावर. दुसरं रिझर्व्ह पूलचं, म्हणजे आजोबा. पूलवाल्याने ठरलेल्या वेळी कॉल स्टँडवर, म्हणजे कामाची वाटणी व्हायच्या जागी, हजेरी लावायची, बोर्ड नंबराप्रमाणे ज्या बोटीवर पाठवेल तिथे जायचं, विंचमन असाल तर विंचवर, म्हणजे माल ओढून घ्यायच्या यंत्रावर, साधे मजूर असाल तर खाली हॅचमध्ये, बोटीच्या पोटात. मालकाने नोंदणी नसलेला माणूस परस्पर घ्यायचा नाही आणि कामगाराने दिलेलं काम नाकारायचं नाही, नाकारलं तर शिस्तभंगाची कारवाई, तेव्हा हे काही फुकटचं लाडावणं नव्हतं. पण हजेरी लावूनही काम निघालं नाही तर हजेरीभत्ता मिळायचा, आणि कामाला बोलावल्यावर ते सुरूच झालं नाही तर त्याचे वेगळे पैसे, त्याचं नावच डिसअपॉइंटमेंट मनी! शिवाय महिन्याला ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. म्हणजे वाट बघण्याला पण दाम होता, आणि मला विचाराल तर टोळीवाल्याचं माणसं निवडणारं ते बोट खाली आलं यात जेवढा कामगाराचा मान राहिला तेवढा पगारवाढीने राहिला नसता.

मग हे सगळं करणारं बोर्ड सरकारी का? त्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे सारख्या संख्येने प्रतिनिधी, आणि खर्च मालकांकडून लेव्ही, म्हणजे मजुरीच्या वर द्यायची सक्तीची रक्कम, घेऊन. हाच वाद विशाखापट्टणमच्या गोदी कामगारांच्या बोनसच्या भांडणात सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७० मध्ये कोर्ट म्हणालं की बोर्ड हा कामगारांचा मालक नाही, मालक स्टिव्हडोरच. तर आजोबा सरकारी नोकर नव्हते, सरकारने केलेल्या रजिस्टरातले कामगार होते. आईला हे जरा सांभाळून सांगा.

प्रश्न: माझे वडीलही त्याच बोर्डाकडे होते, काही जुने कागद हवेत. बोर्ड आता आहे का?
*एक वाचक, पिंपरी*

नाही. कंटेनर आले आणि खेळच बदलला, जे पोत्यापोत्याने, स्लिंगमध्ये, म्हणजे दोरांच्या झोळीत भरून, विंचने वर घ्यायला अख्खी टोळी लागायची ते आता एका क्रेनचं काम. नव्वदच्या दशकात मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, आणि १९९७ मध्ये केंद्राने कायदाच केला की मोठ्या बंदरांमध्ये कामगारांशी समझोता झाला की १९४८ चा कायदा तिथून उठवायचा, कामगार आणि बोर्डाची देणीघेणी पोर्टकडे, आणि सेवाशर्ती आधीपेक्षा वाईट करायच्या नाहीत. कोलकात्याचं बोर्ड त्यानंतरही बरीच वर्षं होतं.

त्यामुळे चौकशी मुंबई पोर्ट अथॉरिटीकडेच करा, पोर्ट ट्रस्टचंच हे आताचं नाव. वडील कधी रिटायर झाले ते आधी नक्की करा, विलीनीकरणाच्या आधी की नंतर, कारण सगळा हिशोब तिथूनच फिरतो. पासावरचा नोंदणी क्रमांक अर्जात लिहा, नुसत्या नावावर शोधायला लावलं तर कारकून तुम्हाला चकरा मारायला लावेल.

प्रश्न: मार्केट यार्डात माझं भुसाराचं दुकान आहे. हमाल माझे नोकर नाहीत, आज माझ्याकडे उद्या शेजारी. मजुरी देतोच, वर माथाडी मंडळाला लेव्ही का भरायची? तुम्ही लोक नेहमी हमालांचीच बाजू घेता.
*एक व्यापारी, गुलटेकडी*

घेतो बाजू, नाकारत नाही. पण उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे शेठ. आज तुमच्याकडे उद्या शेजारी, म्हणूनच लेव्ही. त्याचा पीएफ कोण भरणार, तुम्ही की शेजारी? दोघंही म्हणणार मी नाही. गोदीत हाच पेच होता, आणि १९६९ चा आपला माथाडी कायदा त्याच वळणावर बेतलेला आहे, म्हणजे मालकाची नोंदणी, कामगाराची नोंदणी, त्रिपक्षीय मंडळ, मजुरी आणि लेव्ही मंडळात जमा आणि तिथून हमालाला. लेव्हीतून त्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केलं, इथे पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत पन्नासच्या दशकापासून पेठांमध्ये काम करत होती, तेव्हा हा कायदा काही मंत्रालयातल्या साहेबाला झोपेत सुचलेला नाही. पोतं पन्नास किलोचं असावं यासाठी या लोकांना किती भांडावं लागलंय ते तुमच्या दुकानातल्या जुन्या टोळीच्या मुकादमाला विचारा. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना पाय कुठे ठेवायचा हे तो अजून करून दाखवेल.

एक मात्र तुमच्या बाजूने. चाकणकडे माथाडीच्या नावाखाली गाडी अडवून, काम न करता पैसे मागायचे प्रकार होतात. ती खंडणी आहे, लेव्ही नाही. मंडळाची पावती नसेल तर एक रुपया देऊ नका आणि सरळ पोलिसात जा. खऱ्या माथाडी संघटनांना पण ही जमात नकोच आहे.

प्रश्न: पुतण्या न्हावाशेव्याला खासगी टर्मिनलवर कंत्राटदारामार्फत लागलाय. त्याला गोदीचा कायदा लागू होतो ना?
*एक वाचक, हडपसर*

१९४८ वाला, कॉल स्टँड आणि हजेरीभत्त्यावाला, नाही. सुरक्षेसाठी १९८६ चा वेगळा गोदी कायदा होता, तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेलाय आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दोन गोष्टी त्याच्या कामाच्या आहेत. नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाला तो द्यावा लागतो. पण तो कामावर होता हे दाखवायला काहीतरी हवं ना, म्हणून त्याला सांगा की नेमणूकपत्र मागून घे, आणि गेटपास, पगाराची स्लिप, ओव्हरटाइम लिहिलेला कागद, सगळ्याचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाक, मोबाईल पाण्यात पडला तरी कागद राहतात.