मध्ये सवड ठेव

प्रिय मुली,

‘एका आठवड्यात तीन फजित्या, मला इथलं काही जमतच नाही,’ असं तू लिहिलंस. लंडनच्या ऑफिसातला पाणचट चहा, श्रूजबरीची चुकलेली गाडी आणि क्लायंटला अर्धवट गेलेलं मेल. न जमण्याचा ह्यात संबंध नाही. तिन्हींचं दुखणं एकच आहे: दोन गोष्टींच्या मध्ये तू सवड ठेवत नाहीस.

आधी चहा. तू मगमध्ये पिशवी टाकलीस, तिच्यावर दूध ओतलंस, मग पाणी, आणि अर्ध्या मिनिटात पिशवी बाहेर. आपल्याकडे पातेल्यात सगळं एकत्र खळखळतं, म्हणून दूध कधी घातलं ह्यानं फारसं बिघडत नाही. मगखाली गॅस नसतो. थंड दुधानं पाणी निवतं आणि मग पत्ती उतरतच नाही. २५० मिली पाण्याला एक पिशवी, पाणी नुकतं उकळलेलं, चार मिनिटं हात लावायचा नाही. पिशवी काढून मगच दूध, चमचाभरानं वाढवत. चहा चाखून पारखण्यासाठी ब्रिटिश मानकसुद्धा आहे, बीएस ६००८. त्यात १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं सांगितली आहेत. तुझं अर्धं मिनिट कुठे बसतं सांग! वर आलेला तवंग मात्र तुझा दोष नाही, लंडनचं पाणी जड आहे. केटलच्या तळाशी पांढरा थर दिसला की लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व घालून उकळ, वीस मिनिटं ठेव, मग साधं पाणी दोनदा उकळून फेकून दे. आणि चहाला उठलीस की आजूबाजूच्या सगळ्यांना विचार. एकटीपुरता करून आणलेला चहा तिथे लक्षात राहतो.

आता गाडी, आणि इथे मी रागावणार आहे. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवर गाडी बदलायला किमान १२ मिनिटं धरतात. रेल्वेचं प्रवास शोधायचं ॲप त्याहून कमी वेळाची जोडणी दाखवत नाही. तू दोन वेगळी ॲडव्हान्स तिकिटं घेऊन आठ मिनिटांची जोडणी स्वतः जुळवलीस. लंडनच्या युस्टनहून आलेली गाडी सहा मिनिटं उशिरा पोचली आणि पुढचं तिकीट बुडालं, कारण ॲडव्हान्स तिकीट त्या एकाच गाडीचं असतं. मध्ये १२ मिनिटं असती, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तरी तुला पुढच्या गाडीनं जाता आलं असतं. एकाच प्रवासाची तिकिटं अशी मध्ये तोडून, तुकड्यातुकड्यानं घेण्यात गैर काही नाही, पैसे वाचतात. फक्त ज्या स्टेशनवर तोडशील तिथे गाडी थांबायला हवी, आणि बदलताना सवड हवी. न्यू स्ट्रीटला तर ३० मिनिटं ठेव. एकाच फलाटाला ए आणि बी अशी दोन टोकं असतात, गाडी भलत्याच टोकाला उभी असते, आणि दारं सुटायच्या वेळेआधीच बंद होतात.

ह्या सवडीपायी लोक मला घाबरट म्हणतात. म्हणोत. फलाटावर सँडविच खात बसलेली ती वीस मिनिटं वाया गेली असं मी कधीच मानणार नाही. पंचविशीत हे मला कुणी ठणकावून सांगितलं नाही, त्याची भरपाई तुझ्यावर आवाज चढवून करतो आहे एवढं खरं.

मेलचं सोपं आहे. जुन्या आउटलुकमध्ये नियम करता येतो: पाठवलेलं प्रत्येक मेल दोन मिनिटं आउटबॉक्समध्ये थांबेल. आउटलुक तेवढा वेळ उघडं मात्र हवं. ‘रिकॉल’वर विसंबू नकोस, कंपनीबाहेर गेलेलं मेल त्यानं परत येत नाही. आणि पत्ता सगळ्यात शेवटी भर. रिकाम्या पत्त्यावर चुकून काही जात नाही.

कॅलेंडरातही तेच. सेटिंगमध्ये मीटिंग पाच मिनिटं आधी संपवायचा पर्याय आहे, तो आजच लाव. तुझ्या दोन मीटिंग एकमेकींवर का आल्या तेही सांगतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनचं घड्याळ तासभर पुढे जातं, पुण्याचं जात नाही. साडेपाच तासांचा फरक साडेचारवर येतो. पुण्यातून लावलेली दुपारी ३ ची मीटिंग हिवाळ्यात तुझ्याकडे साडेनऊला होती, ती साडेदहाला आली आणि तुमच्या टीमच्या साडेदहाच्या मीटिंगवर बसली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलटं होईल. दोन्ही रविवारांआधीच्या गुरुवारी पुढचा आठवडा उघडून बघ, पुण्याच्या लोकांशी बोलून घे.

बुडालेल्या तिकिटाचे पैसे विसर. पुढच्या प्रवासात मात्र जोडणी नियमाप्रमाणे ठेवून उशीर झाला, तर तिकिटांचे फोटो काढून २८ दिवसांच्या आत डिले रिपेचा, म्हणजे उशिराच्या भरपाईचा, अर्ज कर. बहुतेक रेल्वे कंपन्या १५ मिनिटांच्या उशिरापासून पैसे परत देतात. उशीर मोजतात तो शेवटच्या स्टेशनला, म्हणजे श्रूजबरीला पोचल्यावर. ती वेळ लिहून ठेव.

तुझा,
काका