सिवनी ते नागपूर : मोहिमेतील एका दिवसाविषयी

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काश्मीर ते कन्याकुमारी सायकलमोहिमेचा तू पाठवलेला आराखडा मी लक्षपूर्वक वाचला. कर्करोगग्रस्त मुलांच्या उपचारांसाठी निधी उभा करावा आणि त्यासाठी राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून सुमारे ३,७०० किलोमीटर जावे, हा तुझा निश्चय मला फार मोलाचा वाटतो. तरीही त्यातील एका वाक्यावर मी थांबले. 'लोकांनी पैसे दिले आहेत, म्हणून काहीही झाले तरी त्या दिवसाचे अंतर त्याच दिवशी पुरे करायचे,' असे तू लिहिले आहेस. हे वाक्य तू खोडून टाकावेस, असे मला वाटते. दात्यांनी पैसे दिले ते मुलांच्या औषधोपचारांसाठी. त्यांच्याशी असलेली तुझी बांधिलकी चोख हिशेबाने पाळली जाते, दुखऱ्या गुडघ्याने ओढलेल्या शेवटच्या वीस किलोमीटरने तिच्यात काहीही भर पडत नाही. हे नुसते तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा तुझ्याच आराखड्यातील सिवनी ते नागपूर हा दिवस घेऊन सांगते, कारण कागदावर तो सोपा दिसतो आणि असेच दिवस माणसाला फसवतात.

अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. सिवनी सातपुड्याच्या पठारावर सुमारे ६०० मीटर उंचीवर, तर नागपूर ३०० मीटरच्या थोडे वर. म्हणजे दिवसभराचा हिशेब उताराचा. डिसेंबरात तिथे सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. त्याआधी निघू नकोस, कारण पुढे पेंचचे जंगल आहे आणि अंधारात तिथे सायकल नेणे तुझ्यासाठी आणि तिथल्या प्राण्यांसाठीही योग्य नाही. पहाटेची थंडी चांगलीच बोचरी असते. कुरईच्या घाटात उतार लागला की घामाने ओले झालेले अंग वाऱ्याने गारठते आणि बोटे बधिर होऊन ब्रेक नीट दाबले जात नाहीत, म्हणून घाटाच्या माथ्यावर थांबून विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घालावेत. उतारावर वेग आपोआप येतो आणि तो आपल्या ताकदीचा आहे असे वाटू लागते. पहिले दोन तास मुद्दाम हळू जा. बोलताना धाप लागणार नाही इतकाच जोर लाव, गिअर हलका ठेव आणि पायडलचे फेरे मिनिटाला ऐंशीच्या आसपास राहू देत. जड गिअरवर रेटत राहणाऱ्यांचे गुडघे पाचव्या-सहाव्या दिवशी तक्रार करू लागतात.

खवासा ते मनसर हा सदतीस किलोमीटरचा टप्पा मला या संपूर्ण महामार्गावरील सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. रस्ता चौपदरी करताना पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागात प्राण्यांची वाट तुटू नये म्हणून महाराष्ट्राच्या हद्दीत लहानमोठे नऊ भुयारी मार्ग ठेवण्यात आले; त्यांतील सर्वांत लांब मार्ग सुमारे ७५० मीटरचा आहे. रस्त्याखालच्या या मार्गांतून वाघांसह अनेक प्राणी ये-जा करतात, हे भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी नोंदवले आहे. स्थानिक पर्यावरणप्रेमींनी न्यायालयापर्यंत लढा दिला नसता, तर हे झाले नसते. तिथून जाताना घाई करू नकोस; फक्त या मार्गांवरून रस्ता उंच नेला आहे त्या भागावर सायकल थांबवून छायाचित्रे काढू नकोस, कारण मागून येणाऱ्या ट्रकचालकाला तू तिथे उभी असशील अशी अपेक्षाच नसते.

या रस्त्यावर पंक्चर बहुधा खिळ्याने होत नाही. ट्रकचे फुटलेले टायर कडेला पडलेले असतात, त्यांतील केसासारखी बारीक तार आपल्या टायरमध्ये घुसून राहते. नुसती ट्यूब बदलून भागत नाही, कारण तार तशीच राहिली तर अर्ध्या तासात नवी ट्यूबही जाते. टायर आतून बोटांनी हळुवार चाचपून, तार चिमट्याने काढूनच पुढे निघावे. उलट दिशेने कडेने येणाऱ्या मोटारसायकलींकडेही लक्ष असू दे. उजव्या बाजूने मागून वाहन येत नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्यांना वाट देण्यासाठी उजवीकडे सरकू नकोस.

आता खाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण लांबच्या मोहिमा पायांपेक्षा पोटामुळे अधिक मोडतात. स्नायूंमधील साखरेचा साठा सलग मेहनतीत दोन-तीन तासांत उतरू लागतो, आणि तो संपल्यावर खाल्ले तर सावरायला फार वेळ लागतो. म्हणून भुकेची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच दर अर्ध्या तासाने थोडे थोडे खावे : एखादे केळे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, दोन-चार खजूर. तासाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी दहीभात. ढाब्यावरची तर्रीदार भाजी मुक्कामाला पोहोचल्यानंतरच. थंडीत तहान जाणवत नाही, पण पाणी जातच असते. तासाला अर्धा लिटर धरून चाल आणि त्यात मीठ-साखर असू दे, कारण तासन् तास नुसतेच पाणी भरपूर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरून चक्कर येते, प्रसंगी जिवावर बेतते. मनसरच्या पुढे या दिवसांत कडेला आंबिया बहाराची संत्री विकायला असतात. तिथे खुशाल थांब.

मनसरनंतर वाहतूक दाट होत जाते. कन्हान नदीचा पूल, कामठी आणि मग नागपूर. याच शेवटच्या चाळीस किलोमीटरमध्ये तुझे ते वाक्य डोके वर काढील, म्हणून थांबायचे कधी हे आजच ठरवून लिहून ठेव. पायडल मारताना गुडघ्याची वेदना वाढत चालली असेल, करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट हँडलची पकड बदलूनही बधिरच राहत असेल, लघवी गडद होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर ती जागा नकाशावर नोंदवून सोबतच्या गाडीत बसावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून पुढे निघावे. अंतर तसेही पूर्ण होते. आराखड्यात तू राखीव दिवस एकही ठेवलेला नाहीस. किमान दर सातव्या दिवशी विश्रांती ठेव. नागपूर जवळजवळ अर्ध्या वाटेवर आहे, तिथे दोन दिवस राहा.

थांबलो तर निधी थांबेल, ही तुझी भीती मी समजू शकते. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाने १९८० मध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी कृत्रिम पायाने देश ओलांडायला सुरुवात केली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थंडर बे शहराजवळ थांबावे लागले. देश अजून बराच उरला होता. तरी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्याच्या निधीत दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. आदिवासींच्या नेत्रोपचारांचा हेतू त्यांनी सोबत नेला होता. त्या शर्यतीत संघातील एक जण सायकलवर असताना दुसऱ्याला विश्रांती घेता येते, म्हणजे विश्रांती हा योजनेचाच भाग असतो.

आता तुझ्या खऱ्या जबाबदारीकडे येते. देणगी तुझ्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही येऊ देऊ नकोस. ज्या संस्थेसाठी निधी उभा करतेस, दात्यांना थेट तिच्याच खात्याचा तपशील दे आणि पावती संस्थेकडूनच जाऊ दे. कुणी वाटेत रोख देऊ केली, तर २,००० रुपयांवरील रोख देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे आधीच सांग. तुझ्या प्रवासाचा, मुक्कामाचा, गाडीच्या डिझेलचा खर्च कुठून होतो आहे हे पहिल्याच पत्रकात स्पष्ट लिही. नागपूरला पोहोचल्यावर आधी आंघोळ, मग सायकलिंगची चड्डी साबणाने धुऊन वाळत घालणे, कारण सायकलच्या बैठकीवर घासून होणाऱ्या जखमा न धुतलेल्या कपड्यांमुळे चिघळतात. त्यानंतर तासाभराच्या आत वरण-भात, आणि जेवण झाल्यावर त्या दिवसाचा जमाखर्च. तो जमाखर्च मला रोज रात्री पाठव. किलोमीटर किती झाले हे नाही कळवलेस तरी चालेल.

तुझी हितचिंतक,
एक जुनी सायकलस्वार