शाळेत ‘नारिंगी शर्टाचा दिवस’ पाळावा का?

प्रश्न : माझी बहीण कॅनडात राहते. तिची मुले दर ३० सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालून शाळेत जातात. तो दिवस आमच्याही शाळेत पाळावा असे मला वाटते. सहकारी मात्र विचारतात, परक्या देशातल्या गोष्टीशी आपला काय संबंध?
— एक शिक्षिका, पेण

उत्तर : अवश्य पाळा; परंतु शर्टाच्या आधी त्यामागची हकीकत मुलांना कळू द्या. १९७३ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची आदिवासी मुलगी, आजीने घेऊन दिलेला, पुढे नाडी ओवलेला कोरा नारिंगी शर्ट घालून निवासी शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तो काढून घेण्यात आला आणि तिला पुन्हा कधीही मिळाला नाही. सरकारच्या पैशाने आणि बहुतांशी चर्चच्या व्यवस्थापनाखाली अशा शाळा शतकाहून अधिक काळ चालल्या. दीड लाखांहून अधिक आदिवासी मुले घरापासून तोडून तेथे ठेवली गेली, स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होई, अनेकांवर अत्याचार झाले आणि हजारो मुले दगावली. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. मला त्याहून मोलाचे वाटते ते सत्य व सलोखा आयोगाचे काम. मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखाली आयोगाने त्या शाळांतून वाचलेल्या हजारो माणसांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि मगच, २०१५ साली, करावयाच्या ९४ गोष्टी देशापुढे मांडल्या. आधी ऐकणे, सलोख्याची भाषा नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता संबंधाविषयी. आपल्या आश्रमशाळा आणि त्या शाळा एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही कातकरी वाडीवरचे मूल आपल्या बोलीत उत्तर देते तेव्हा वर्गात हशा पिकतो, आणि दिवाळीनंतर ते आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेले की त्याची कोणी चौकशी करत नाही, हे रायगडात आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ब्रिटिशांनी या समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला होता. त्याची छाया अजून पुरती गेलेली नाही.

म्हणून त्या दिवशी वाडीवरच्या एखाद्या जाणत्या आजींना सन्मानाने बोलवा, त्यांचा रोज बुडत असेल तर तो भरून द्या आणि काय सांगायचे ते त्यांनाच ठरवू द्या. वर्गातल्या कातकरी मुलाला मात्र सर्वांसमोर उभे करून ‘तू सांग’ म्हणू नका. लहान वर्गांना शर्टाची गोष्ट पुरे. मृत्यू आणि अत्याचारांविषयी आठवीच्या पुढे, तेही प्रश्नांना भरपूर वेळ ठेवून बोलावे.